चार धरणांची बेरीज एका ओळीत : खडकवासला साखळीचा हिशेब एक्सेलमध्ये असा मांडा

खडकवासला : पावसाळा सुरू झाला की पुणे जिल्ह्यात रोज सकाळी धरणांच्या आकड्यांचे मेसेज मोबाईलवर फिरायला लागतात. कुठल्या धरणात किती टीएमसी, किती टक्के, चोवीस तासांत किती पाऊस, नदीत किती क्युसेक विसर्ग. शहरात पाणीकपात होणार का, हवेली, दौंड आणि इंदापूरला उन्हाळी आवर्तन मिळणार का, याचा अंदाज लोक याच आकड्यांवरून बांधतात. अनेक गावांत पाणीवापर संस्थेचे सचिव किंवा एखादा हौशी तरुण हे आकडे एक्सेल नाहीतर गुगल शीटमध्ये उतरवून ठेवतो. आकडे बरोबर असतात, गडबड होते ती बेरजेत.

ही बेरीज नीट करून देणारा फॉर्म्युला म्हणजे ‘सम-इफ्स’. एकापेक्षा जास्त अटी घालायच्या आणि त्या सगळ्या अटींत बसणाऱ्या ओळींचीच बेरीज घ्यायची, एवढेच त्याचे काम. एक्सेलच्या २००७ च्या आवृत्तीपासून तो उपलब्ध आहे. गुगल शीटमध्येही तो चालतो.

तक्ता कसा असावा?

एका ओळीत एका धरणाची एका दिवसाची नोंद, हा पहिला नियम. ए स्तंभात तारीख, बी मध्ये धरणाचे नाव, सी मध्ये साखळीचे नाव, डी मध्ये उपयुक्त साठा टीएमसीत आणि ई मध्ये पाऊस मिलिमीटरमध्ये. अनेक जण प्रत्येक तारखेला नवीन पान करतात किंवा मध्येच ‘एकूण’ अशी ओळ घालतात. तसे करू नये. ‘एकूण’ची ओळ तक्त्यातच राहिली, तर तीही बेरजेत धरली जाऊन आकडा दुप्पट होऊ शकतो.

साखळीचा स्तंभ कशाला, तर जिल्ह्याच्या यादीत पवना, भामा आसखेड, चासकमान अशी इतर धरणेही असतात. खडकवासला साखळीत मात्र चारच धरणे येतात. त्यांची उपयुक्त साठ्याची क्षमता अशी : खडकवासला १.९७ टीएमसी, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२ आणि टेमघर ३.७१. एकूण २९.१५ टीएमसी. पवनेचे ८.५१ आणि भामा आसखेडचे ७.६७ टीएमसी चुकून यात मिसळले, तर बेरीज थेट ४५.३३ वर जाते.

आता एका दिवसाचा साखळीतला साठा हवा असेल तर फॉर्म्युला असा :

=सम-इफ्स(डी२:डी१०००, ए२:ए१०००, के१, सी२:सी१०००, "खडकवासला साखळी")

फॉर्म्युल्याचे नाव आणि स्तंभांची अक्षरे शीटमध्ये अर्थातच इंग्रजीत टाइप करायची. कंसातला पहिला भाग म्हणजे ज्याची बेरीज करायची तो स्तंभ. त्यापुढे जोड्या : अट कुठे तपासायची आणि अट काय. के१ या चौकटीत तारीख लिहून ठेवायची. तारीख बदलली की उत्तर आपोआप बदलते. सगळ्या पट्ट्यांची लांबी सारखी लागते. एक पट्टी १००० व्या ओळीपर्यंत आणि दुसरी ५०० व्या ओळीपर्यंत ठेवली, तर एक्सेल चूक दाखवते.

जुना ‘सम-इफ’ वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यात एकच अट घालता येते आणि बेरजेचा स्तंभ शेवटी येतो. ‘सम-इफ्स’मध्ये तो सगळ्यात आधी येतो.

साठ्याची बेरीज दिवसांवर करू नये

पावसाची गोष्ट वेगळी आणि साठ्याची वेगळी. एक जूनपासून आजपर्यंत टेमघरला किती पाऊस झाला, हे काढायला रोजचा पाऊस मिळवावाच लागतो. त्यासाठी तीन अटी लागतात : धरण टेमघर, तारीख के१ किंवा त्यानंतरची, आणि तारीख के२ किंवा त्याआधीची.

=सम-इफ्स(ई२:ई१०००, बी२:बी१०००, "टेमघर", ए२:ए१०००, ">="&के१, ए२:ए१०००, "<="&के२)

साठा मात्र रोज मोजलेली शिल्लक आहे. बँक खात्यात सोमवारी हजार रुपये होते आणि मंगळवारीही हजारच होते, म्हणून कोणी दोन हजार म्हणत नाही. धरणाचेही तसेच. साठ्याच्या बेरजेत तारखेची अट एकाच दिवसाची हवी. पावसाचे उलटे आहे. तो दिवसांवर मिळवायचा, पण चार धरणांचे मिलिमीटर एकत्र मिळवून काही अर्थ निघत नाही.

टक्क्यांचा सापळा

सगळ्यात जास्त वाद होतात ते टक्क्यांवरून. समजा, खडकवासला शंभर टक्के भरले आणि बाकीची तीन निम्मी भरली. चारही टक्क्यांची सरासरी काढली तर ६२.५ टक्के येते. प्रत्यक्षात साठा किती? खडकवासल्याचे १.९७ आणि उरलेल्या २७.१८ टीएमसीचे निम्मे म्हणजे १३.५९. एकूण १५.५६ टीएमसी. साखळीच्या क्षमतेशी भागले तर ५३.४ टक्के.

हा फरक साधारण २.६६ टीएमसीचा पडतो. म्हणजे अख्ख्या खडकवासला धरणात मावते त्याहून जास्त पाणी नुसत्या कागदावर वाढले. खडकवासला चौघांत सगळ्यात लहान आहे आणि भरतेही लवकर, त्यामुळे पावसाळ्याच्या सुरुवातीला ही चूक हमखास होते. टक्के कधी मिळवू नयेत आणि त्यांची साधी सरासरीही काढू नये. टीएमसीची बेरीज करावी आणि तिला २९.१५ ने भागावे.

क्युसेकची बेरीज आणि सोडलेले पाणी

विसर्गासाठी वेगळे पान करावे. ए मध्ये तारीख, बी मध्ये धरण, सी मध्ये ‘नदी’ किंवा ‘कालवा’, डी मध्ये क्युसेक, ई मध्ये तो विसर्ग किती तास चालला ते, आणि एफ मध्ये या दोघांचा गुणाकार.

क्युसेक म्हणजे एका सेकंदाला वाहणारे घनफूट. तो वेग आहे, साठा नाही. सकाळी ५ हजार, मग ९ हजार, मग १५ हजार क्युसेक असे मेसेज आले, म्हणजे २९ हजार क्युसेक सुटले असे होत नाही. प्रत्येक मेसेज आधीच्या विसर्गाची जागा घेतो. समजा, पहिला विसर्ग दोन तास, दुसरा दोन तास आणि तिसरा चार तास चालला. गुणाकार १०,०००, १८,००० आणि ६०,००० येतो, मिळून ८८,०००. याला २,७७,७७८ ने भागले की टीएमसी मिळतात. इथे उत्तर साधारण ०.३२ टीएमसी. लक्षात ठेवायला सोपे माप असे की ११,५७४ क्युसेक पूर्ण एक दिवस वाहिले तर एक टीएमसी होते. कालव्याला एक हजार क्युसेक सोडले, तर एक टीएमसीला साडेअकरा दिवस लागतात.

इथे दोन अटी विसरून चालत नाही. पहिली, नदी आणि कालवा वेगळे धरावे. मुठेत सोडलेले पाणी पुढे भीमेतून उजनीकडे जाते, कालव्याचे पाणी शेताकडे येते. आवर्तनात किती मिळाले हे बघायचे असेल, तर ‘कालवा’ ही अट हवीच. दुसरी अट धरणाची. पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही वरची धरणे आहेत आणि त्यांनी सोडलेले पाणी खडकवासल्यातच येते. चौघांचा विसर्ग मिळवला, तर तेच पाणी दोनदा मोजले जाते. साखळीतून बाहेर किती गेले हे पाहताना धरण फक्त ‘खडकवासला’ ठेवावे.

=सम-इफ्स(एफ२:एफ१०००, बी२:बी१०००, "खडकवासला", सी२:सी१०००, "कालवा", ए२:ए१०००, ">="&के१, ए२:ए१०००, "<="&के२)/२७७७७८

उत्तर शून्य का येते?

फॉर्म्युला बरोबर असूनही उत्तर शून्य किंवा कमी येते, त्याची कारणे बहुतेक वेळा तीनच असतात.

एक, चौकटीत ‘१०.६५ टीएमसी’ असे लिहिलेले असते. शीट त्याला आकडा न मानता मजकूर मानते आणि बेरजेत घेत नाही. एकक फक्त वरच्या शीर्षकात लिहावे, चौकटीत नुसता आकडा इंग्रजी अंकांत भरावा.

दोन, नाव वेगवेगळे लिहिलेले असते. ‘वरसगाव’ आणि ‘वरसगांव’ ही शीटच्या लेखी दोन धरणे. नावापुढे चुकून पडलेली मोकळी जागाही चालत नाही. नावे निवडायची यादी लावून दिली की हा प्रश्नच मिटतो.

तीन, तारीख उलटी वाचली जाते. शीटची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल, तर ०५/०७ म्हणजे पाच जुलै न होता सात मे होतो.

हिशेब बरोबर बसला का, हे तपासायची सोपी युक्ती आहे. एका खोट्या तारखेला चारही धरणांची पूर्ण क्षमता भरावी आणि सोबत पवनेची ओळही घालावी. फॉर्म्युल्याने २९.१५ दाखवले पाहिजे, कमीही नाही आणि जास्तही नाही. मग त्या ओळी पुसून टाकाव्यात आणि खरे आकडे भरायला घ्यावेत. आवर्तनाच्या बैठकीत पाणी मागायला जाताना कागदावरचा आकडा असा तपासलेला असला, तर चर्चा बेरजेवर अडत नाही, थेट पाण्यावर येते.