बक्षीस आधी जाहीर केलं की काय होतं?

‘पाढे पाठ केलेस तर चॉकलेट देईन.’ हे वाक्य तुम्हीही कधीतरी म्हटलं असेल. अशा वाक्यात बिघडतं कुठे, हे दाखवणारा एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला.

लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली, चित्रं काढायची मुळातच आवड असलेली मुलं निवडली. पहिल्या गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी चांदणीचं प्रशस्तिपत्रक मिळेल. दुसऱ्या गटाला तेच पत्रक अचानक, शेवटी दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात स्केचपेन पुन्हा ठेवले, बक्षिसाचं नाव न काढता. पहिल्या गटाने चित्रं काढण्यात बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ घालवला.

गंमत बघा, अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड टिकून होती. म्हणजे दोष बक्षिसाचा नाही, सौद्याचा. संशोधकांच्या मते, सौदा ठरला की मुलाला वाटतं, आपण हे बक्षिसासाठीच करतोय.

नावडत्या विषयाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावू नका. पण जी मुलगी आपणहून गोष्टी वाचते, तिला ‘दहा पुस्तकांमागे एक स्टार’ सांगण्याआधी जरा थांबा. ‘काय वाचलंस, सांग ना,’ एवढं विचारून बघा.