पाच वॅट आणि खालचे काका

रात्रीचे सव्वानऊ. ऑफिसातून येऊन लॅपटॉप बंद केला, गिटार मांडीवर घेतली, नव्या ट्यूब अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम फक्त ‘दोन’वर ठेवला. तिसऱ्याच मिनिटाला बेल! दारात खालच्या मजल्यावरचे काका. चिडलेले नव्हते, त्यामुळेच जास्त लाज वाटली. "अगं, नातवाची दहावी आहे गं यंदा. जरा हळू वाजवशील?"

हळू? अख्खा पाच वॅटचा तर अ‍ॅम्प! पण इथेच आपण फसतो. पन्नास वॅटच्या तुलनेत पाच वॅटचा आवाज दहापट कमी नसतो. पॉवर दहापट घटली की आवाज दहा डेसिबलने उतरतो, म्हणजे कानाला साधारण निम्मा. वन-बीएचकेत निम्मासुद्धा दणदणीतच.

विकून टाकू? जीव होईना. ट्रान्झिस्टरवर जास्त ताण दिला की आवाज एकदम कापल्यासारखा फाटतो. व्हॉल्व्ह मात्र हळूहळू, गोलाई सांभाळत फाटतो. त्या गोलाईसाठीच तर सगळा खटाटोप!

शेवटी अ‍ॅम्प टॅक्सीत घालून लॅमिंग्टन रोड गाठला. तिथे व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करण्यात हयात घालवलेले एक आजोबा भेटले. म्हटलं, "घरीच उघडणार होते, प्लग काढून." त्यांनी काही न बोलता दोन्ही व्हॉल्व्ह काढले, क्षणभर स्विच ऑन केला आणि मग प्लग काढला. मीटर लावला, तर तीनशेच्या वर व्होल्ट! कपॅसिटरमध्ये साठलेले. माझा हातातला चहा तसाच राहिला.

मग त्यांनी तीन कामं सुचवली.

व्हॉल्व्ह बदला : पुढच्या टप्प्यातला १२एएक्स७ काढून १२एवाय७ बसवला. पिना त्याच, सोल्डरिंग नाही. पहिल्याचा अ‍ॅम्प्लिफिकेशन फॅक्टर १००, दुसऱ्याचा ४४च्या आसपास. त्यामुळे ‘दोन’वर अंगावर येणारा आवाज आता ‘चार’पर्यंत शहाण्यासारखा वागतो. व्हॉल्व्ह गार झाल्यावरच हात लावायचा.

बेस आवरा : कॅथोडवरचा २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून १ मायक्रोफॅरडचा लावला. खालच्या सुरांना मिळणारी जादा उचल गेली. आठ इंची स्पीकरमधून येणारी घुसमट मोकळी झाली. हे काम मात्र आजोबांचं, माझं नाही.

स्टुलावर ठेवा : फुकटातलं काम! जमिनीवर ठेवलेला अ‍ॅम्प बेसचा धक्का थेट स्लॅबमध्ये उतरवतो. काकांना गाणं नाही, तोच धक्का ऐकू जात होता. स्टूल आणि खाली जुनी योगा मॅट, बस्स.

खरं सांगायचं तर स्टेजवरची ती गर्जना घरात मिळत नाही. पॉवर व्हॉल्व्ह मनसोक्त तापवायचा तर आवाज वाढणारच. पण माझा अ‍ॅम्प आता माझ्या खोलीच्या मापाचा झालाय.

परवा लिफ्टमध्ये काका भेटले. "काय गं, गिटार सोडलीस वाटतं?"

"नाही काका, रोज वाजवते."

हे विसरू नका

• स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब अ‍ॅम्प चालू करू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

• अमेरिकेहून आणलेला १२० व्होल्टचा अ‍ॅम्प थेट आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावू नका. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर हवाच.

• प्लग काढला म्हणजे करंट गेला, असं समजू नका. आतलं काम जाणकाराकडूनच करून घ्या.