शार्क, घोरपड आणि बिस्किटाचा डबा

ढोल म्हटला की चामडं आलंच, ही आपली समजूत पॅसिफिकच्या बेटांवर पहिल्या दणक्यातच मोडीत निघते. तिथले कितीतरी गाजलेले ‘ढोल’ म्हणजे नुसते पोखरलेले ओंडके. अंगावर एक लांब चीर, वाजवणाऱ्याच्या हातात काठी, बस्स. शास्त्राच्या काटेकोर हिशेबात ही घनवाद्यं, म्हणजे टाळ-झांजांच्या पंगतीतली. पण हा हिशेब बेटावरच्या वादकाला सांगायला जाऊ नये.

उंचीत पहिला नंबर वानुआतूचा. तिथल्या अँब्रिम या ज्वालामुखीच्या बेटावर हे ओंडके आडवे ठेवत नाहीत, गावातल्या नाचाच्या मोकळ्या जागेत उभे रोवतात. वरच्या टोकाला चेहरा कोरतात, त्याला थाळीसारखे गरगरीत डोळे. खालची उभी चीर म्हणजे त्याचं तोंड. काठी पडली की पूर्वज बोलू लागतो, अशी श्रद्धा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये असा एक ओंडका आहे. तिन म्वेलेउन या कारागिराने तो १९६०च्या दशकात कोरला. उंची जवळजवळ साडेचार मीटर! आणि हो, मनात आलं म्हणून कुणी तिथे ओंडका कोरायला बसू शकत नाही. नक्षीचा हक्क आधी विकत घ्यावा लागतो आणि त्याची किंमत चुकवायची डुकरांत. कॉपीराइटचा इतका रोखठोक कायदा दुसरीकडे सापडणं कठीण.

पापुआ न्यू गिनीत ओंडक्याला म्हणतात गारामुट. नाचाला तो हवाच, पण एरवी हा गावचा टेलिफोन. कोण वारलं, कुणाला बोलावलंय, सभा कधी आहे, सगळं ठोक्यांत. काही भागांत तर माणसागणिक वेगळा ठोका असतो. आपला ठोका ऐकू आला की शेतात असाल तिथून निघायचं. ‘रेंज नव्हती’ ही सबब इथे चालायची नाही.

याच देशाचा दुसरा लाडका म्हणजे कुंडू. कमरेत आवळलेला, एका हाताने मुठीला धरून दुसऱ्या हाताने वाजवायचा. याला मात्र चामडं असतं आणि तेही बहुतेकदा घोरपडीच्या जातीतल्या सरड्याचं. सूर जमवायची युक्ती बघण्यासारखी आहे. ताणलेल्या कातड्याच्या मध्यावर मेणाच्या किंवा झाडाच्या चिकाच्या छोट्या गोळ्या चिकटवतात. वजन वाढलं की आवाज खाली उतरतो, गोळी काढली की वर चढतो. कातडं सैल पडलं तर शेकोटीजवळ धरून तापवायचं. देशाच्या राजचिन्हावर ‘बर्ड ऑफ पॅराडाइज’ पक्ष्याच्या जोडीला भाला आहे आणि हा कुंडूही आहे. तिथल्या सरकारी रेडिओच्या प्रांतिक सेवेचं नावही कुंडूच.

घोरपडीचं कातडं म्हटल्यावर गोव्याच्या वाचकाचे कान टवकारले असतील. तिथल्या घुमट या मातीच्या वाद्यालाही पूर्वी तेच लागायचं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते बंद झालं आणि घुमटावर बकऱ्याचं कातडं चढलं. जुने वादक अजूनही ‘तो नाद वेगळाच’ म्हणतात. म्हणोत बापडे, घोरपडीचं मत वेगळं असणार.

हवाईत मामला थेट समुद्राचा. पाहू हा तिथला मानाचा ढोल. माडाचा किंवा विलायती फणसाचा बुंधा दोन्ही बाजूंनी कोरत आणायचा, पण आरपार नाही. मधे वाडग्याच्या बुडासारखा पडदा राखायचा. वरचा भाग नादासाठी, खालचा नक्षीसाठी. तोंडावर शार्कची कातडी आणि ती ताणायला नारळाच्या काथ्याची दोरी. जोडीला पुनिऊ, म्हणजे नारळाच्या करवंटीचा चिमुकला ढोल. याला कातडी माशाची, तीही शेपटीवर धारदार काटे बाळगणाऱ्या ‘काला’ माशाची. हा मांडीवर गुडघ्याच्या वर बांधतात. मग एक हात पाहूवर, दुसऱ्या हातात विणलेल्या दोरीचा चाबूक घेऊन पुनिऊवर फटके. शिवाय तोंडाने मंत्र चालू! दंतकथेप्रमाणे हा पाहू ला’आमाइकाहिकी नावाच्या वीराने दक्षिणेकडून होडीत घालून आणला.

मग १८२० मध्ये मिशनरी उतरले. त्यांना पाहूच्या तालावरचा हूला नाच काही पचला नाही. बाप्तिस्मा घेतलेल्या राणी का’आहुमानूने १८३० मध्ये जाहीर हूलावर बंदी घातली. राजा कालाकौआने मात्र १८८३च्या आपल्या राज्याभिषेकात हूला भर चौकात नाचवला. मिशनरी मंडळी किती फणफणली असतील, कल्पना करा.

गंमत अशी की फिजीत चर्चनेच ओंडक्याला आसरा दिला. तिथला लाली पूर्वी युद्धाची, जन्ममृत्यूची वर्दी द्यायचा. आता रविवारी प्रार्थनेला बोलावतो. चांगला लाली वेसी नावाच्या टणक लाकडाचा. पर्यटकांच्या हॉटेलांत तो जेवण तयार झाल्याचंही सांगतो, हे जरा अतीच.

ताहितीचा तो’एरे हाही चिरेचा ओंडकाच. आजच्या नाचाचा जीव, पण वयाने तुलनेत पोरगा. तो शेजारच्या कुक बेटांवरून आला असावा असं जाणकार मानतात. न्यूझीलंडच्या माओरींकडे तर चामड्याचा ढोल नव्हताच. गढीच्या टेहळणीच्या माचावर ते लाकडी फळी टांगत. पहारेकरी जागा आहे, हे शत्रूला कळावं म्हणून ती ठोकायची.

आणि ज्या बेटांवर मोठी झाडंच कमी, तिथे? तुवालूत लाकडी खोक्याभोवती पुरुष बसतात आणि तळहातांनी ते बडवतात. लय वाढत वाढत इतकी चढते की नाचणाऱ्यांची दमछाक. टोकेलाऊत खोक्याच्या साथीला रॉकेलचा किंवा बिस्किटाचा रिकामा पत्र्याचा डबा. आणि झाडं असूनही सामोआत गुंडाळलेल्या चटईवर काठ्या पडतात. रोटुमात चटयांची अख्खी चळतच बडवतात, आणि हे काम बहुधा गावातल्या वडीलधाऱ्यांकडे असतं.