आठ मीटर दोर आणि एक खांदा

चारशे किलोचं तरुण जनावर. नाकपुड्या फुललेल्या, शेपूट वर, आणि कुंपणावर कुणी वाळत टाकलेल्या गोणपाटाकडे ते अशा नजरेनं बघतंय, की तिथून आता वाघच उडी घेणार. समोर साठ-सत्तर किलोचा माणूस. दोघांच्या मधे सात-आठ मीटरचा सुती पट्टा. ओढाओढ झालीच तर कोण कुणाला फरपटत नेईल हे सांगायला नको. तरीही काही आठवड्यांनी हेच जनावर त्या माणसाभोवती दुडक्या चालीनं गोल फिरत असतं, पट्टा सैल असतो आणि माणसानं नुसता खांदा वळवला की ते थांबतं. रायडिंग क्लबात याला लंजिंग म्हणतात. जुन्या पागांमध्ये घोड्याला कावा देणं म्हणत. यातलं सगळ्यात नवल म्हणजे, एवढ्या कामात त्या पट्ट्याचा वाटा जवळजवळ नसतोच.

आधी भीतीचं बघू. माळरानावर जो घोडा आधी पळाला तोच जगला, वाचला, त्याचीच पिल्लं पुढे आली. डोक्याच्या दोन बाजूंना बसवलेले त्याचे डोळे जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत सर्वांत मोठ्या डोळ्यांपैकी आहेत आणि त्यांना मिळून जवळजवळ साडेतीनशे अंशांतलं दिसतं. न दिसणारे तुकडे दोनच : कपाळाच्या अगदी पुढ्यात आणि शेपटीच्या सरळ मागे. म्हणून जाणता माणूस या दोन्ही जागा टाळून घोड्याच्या बाजूला, पोटाच्या रेषेत उभा राहतो.

पण एवढं सगळं दिसूनही घोडा काल पाहिलेल्या बादलीला आज का बुजतो? अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेला एक साधा प्रयोग आहे. त्यांनी तरुण घोड्यांना मुलांच्या घसरगुंडी-झोपाळ्याच्या एका मोठ्या खेळण्याजवळून पुन्हापुन्हा नेलं. घोडे सरावले, मान खाली घालून जाऊ लागले. मग तेच खेळणं त्याच जागी नुसतं काटकोनात फिरवून ठेवलं, आणि घोडे पुन्हा दचकले. त्यांच्या लेखी ती नवीच वस्तू होती. आता वर्तुळाचा विचार करा. गोल फिरणाऱ्या घोड्याला तेच गोणपाट पावलागणिक नव्या कोनातून दिसतं. दिशा बदलली की दुसऱ्या डोळ्याची पाळी. डावीकडून शहाणी झालेली घोडी उजवीकडून पुन्हा उधळली तर तो हट्ट नव्हे. अशा वेळी ‘कालच तर बघितलंस ना!’ म्हणून चाबूक वाजवणाऱ्या माणसाला मी घोड्याच्या वाऱ्यालाही उभं करणार नाही.

आता खांद्याचं कोडं. कळपात जुनी घोडी लहानग्यांना हलवते ती बहुतेक वेळा लाथ न मारता. कान मागे पाडते, मान किंचित रोखते, आणि समोरचं शिंगरू बाजूला होतं. लंजिंग करणारा माणूस हीच भाषा उसनी घेतो. पट्टा घोड्याच्या डोक्याकडे, लांब चाबूक मागच्या पायांकडे आणि मधे माणूस, असा एक त्रिकोण होतो. मागच्या पायांच्या दिशेनं पाऊल टाकलं की घोडा पुढे निघतो. त्याच्या खांद्याच्या पुढे सरकलं की मंदावतो. चाबूक लागत नाही, तो फक्त दिशा दाखवतो.

घोडा माणसाला किती बारकाईनं वाचतो, याचा सगळ्यात गाजलेला पुरावा बर्लिनचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्हेल्म फॉन ऑस्टेन यांचा हान्स नावाचा घोडा खूर आपटून बेरजा-वजाबाक्या सोडवायचा. 1907 मध्ये ओस्कार फुंगस्ट यांनी छडा लावला : प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्सचं गणित कच्चं. योग्य आकडा आला की माणसाचं डोकं नकळत जरासं हलायचं आणि हान्स थांबायचा. लोकांनी म्हटलं, फसवणूक. मला तर हे गणितापेक्षाही अवघड वाटतं.

मग शिकवायचं कसं? खरं म्हणजे सोडून. घोडा शिकतो तो दाब आल्यामुळे नाही, दाब गेल्यामुळे. त्यानं एक पाऊल पुढे टाकलं त्याच क्षणी माणसानं चाबूक खाली केला, नजर मऊ केली, तर त्याला कळतं, हेच हवं होतं. दोन सेकंद उशीर झाला, तर तो तिसरंच काहीतरी शिकून बसतो. गोल रिंगणात घोडा अखेर वळून माणसाच्या मागोमाग येतो, तेव्हा ‘त्यानं मला नेता मानलं’ असं कौतुकानं सांगतात. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 मध्ये माणसाऐवजी रिमोटवर चालणारी खेळण्यातली मोटार रिंगणात सोडली. घोडा तिच्याकडे वळला की ती थांबवायची, एवढाच नियम. घोडे पळणं सोडून त्या मोटारीकडेही वळू लागले! नेतेपणाचा तोरा तिथेच गळून पडतो. उरतं ते वेळेवर सोडण्याचं कसब.

प्रत्यक्षात सुरुवात वर्तुळानं होतच नाही. सारंगखेड्याच्या यात्रेतून, तापीकाठचा तो कल्लोळ आणि मग ट्रकचा प्रवास सोसून आलेल्या तीन वर्षांच्या घोडीला आधी मोरखी धरून नुसतं शेजारी चालवतात. थांब म्हटलं की थांबणं, चल म्हटलं की चालणं. आवाज तोच, शब्द तेच : लांबवलेला, उतरता सूर शांत करायला, तोकडा, चढता सूर हलवायला. मग हातभर अंतर, मग दोन हात. पट्टा लगामाला नको, जबडा दुखावतो. नाकपट्टीच्या कडीला अडकवतात. हातात मोजे, पट्ट्याच्या घड्या तळहातावर. मनगटाला गुंडाळून घेणाऱ्याची बोटं त्याच्या नशिबावर. घोडी उधळलीच तर सतत ओढून उपयोग नाही, ती त्या ताणावर रेलते आणि आणखी जोर करते. ओढ-सोड, ओढ-सोड करत वर्तुळ मोठं होऊ द्यायचं. स्वस्थ असताना मिनिटाला तीस-चाळीस ठोके पडणारं तिचं हृदय घाबरल्यावर कितीतरी पट धावतं. ते खाली यायला जेवढा वेळ लागेल तेवढा द्यायचा.

कोवळ्या घोड्याला हे काम दहा-पंधरा मिनिटंच, आणि दोन्ही दिशांना सारखंच. सतत वळत राहिल्यानं सांध्यांवर एकाच बाजूचा भार येतो, आणि घोड्याच्या पाठीचे मणके पुरते पक्के व्हायला पाच-सहा वर्षं जातात. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये पांढऱ्या लिपिझानर घोड्यांचं शिक्षण साधारण चौथ्या वर्षी सुरू होतं. तिथे नव्यानं दाखल झालेल्या स्वारालाही लंजवरच शिकवतात, रिकिबीशिवाय, हातात लगाम न देता. आणि त्यासाठी घोडा देतात तो मात्र जुना, सगळं येणारा.