जुनं गिऱ्हाईक ओरडलं, तरी डिफेंडर चालली!

2016 मध्ये लँड रोव्हरने जुनी डिफेंडर बंद केली. शेतकऱ्यांची, सैन्याची दणकट गाडी! 2019 मध्ये नवी आली. शिडीसारखी चासी गेली, अ‍ॅल्युमिनियमची एकसंध बॉडी आली. जुने चाहते चिडले. अशांसाठी इनिऑसने शिडीच्या चासीवरची ग्रेनेडियर काढली.

तरीही नवी डिफेंडर टाटांच्या जेएलआरची सर्वाधिक खपाची गाडी ठरली. का? आराम वाढला, पण दम गेला नाही. जुनी 500 मिलिमीटर पाण्यातून जायची, नवी 900 मधून जाते!

आता तुमच्या धंद्याकडे बघा. आज वहीत दोन ओळी लिहा: मालातलं काय बदललं तर गिऱ्हाईक फक्त कुरकुर करेल? आणि काय बदललं तर कायमचं जाईल? दुसऱ्या ओळीला हात लावू नका.