क्षयरोगाचा प्रसार आणि प्रतिबंध : सामाजिक परिस्थितीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयरोगाचा जंतू शोधून काढला. स्ट्रेप्टोमायसिन हे या रोगावरील पहिले प्रभावी औषध १९४० च्या दशकात उपलब्ध झाले. या दोन घटनांमधील सुमारे ६० वर्षांत, म्हणजे औषध हाती नसताना, इंग्लंडमधील क्षयरोगाचे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले होते. ही घट नेमकी कशामुळे झाली, यावर थॉमस मॅक्युन यांच्या लेखनापासून अभ्यासकांत वाद आहे. सुधारलेला आहार, मोकळी घरे, रुग्णांचे विलगीकरण यांपैकी कशाला किती श्रेय द्यावे याविषयी एकमत नाही. मात्र रोगाचे कारण जंतू असला तरी रोगाचा फैलाव केवळ जंतूवर अवलंबून नसतो, एवढे त्यातून निश्चित होते. प्रस्तुत लेखात भारतातील अनुभवाच्या आधारे या मुद्द्याचा विचार केला आहे.

संसर्ग आणि रोग यांतील अंतर :

फुप्फुसाचा क्षय झालेली व्यक्ती खोकते, बोलते, तेव्हा जंतू असलेले अतिसूक्ष्म कण हवेत मिसळतात व बंद खोलीत बराच काळ तरंगत राहतात. ते श्वासावाटे दुसऱ्याच्या शरीरात गेले म्हणजे त्याला क्षयरोग झालाच असे नव्हे. संसर्ग झालेल्यांपैकी साधारणतः ५ ते १० टक्के व्यक्तींनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष रोग होतो. उरलेल्यांच्या शरीरात जंतू सुप्तावस्थेत राहतो. म्हणून येथे दोन स्वतंत्र प्रश्न उद्भवतात. संसर्ग कोणाला होतो, हा पहिला. त्याचे उत्तर बव्हंशी घर, वस्ती आणि कामाची जागा यांत सापडते. संसर्ग झालेल्यांपैकी रोगी कोण होतो, हा दुसरा. त्याचे उत्तर कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, तंबाखू, मद्य, खाणीतील धूळ यांकडे घेऊन जाते. भारतापुरता विचार केल्यास यांत कुपोषणाचा वाटा फार मोठा आहे.

मद्रासचा प्रयोग व त्याचा अर्थ :

१९५६ मध्ये मद्रास येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना, ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद आणि मद्रास सरकार यांच्या सहकार्याने क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. तेथे रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटावर आरोग्यधामात, विश्रांती व चांगला आहार देऊन उपचार झाले; दुसऱ्या गटावर त्यांच्या गर्दीच्या, गरीब घरांतच उपचार झाले. औषधे दोन्ही गटांना सारखीच होती. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित होते. वर्षअखेर दोन्ही गटांतील सुधारणा जवळपास सारखीच आढळली. शिवाय घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांना अधिक धोका झाला नाही. कारण संसर्ग मुख्यतः निदानापूर्वीच होऊन गेलेला असतो आणि योग्य औषधे सुरू झाल्यावर रुग्णाची संसर्गक्षमता झपाट्याने कमी होते.

या प्रयोगाने आरोग्यधामांचे युग संपविले. गरीब रुग्णाला घर व रोजगार न सोडता बरे होता येते, हे सिद्ध झाले. हा लाभ लहान नव्हे. परंतु त्याचा एक दूरगामी परिणाम फारसा लक्षात घेतला गेला नाही. ‘औषध मिळाल्यास पौष्टिक आहाराविनाही रोग हटतो’ या मर्यादित निष्कर्षाचा अर्थ ‘आहार हा क्षयरोग कार्यक्रमाचा विषयच नव्हे’ असा घेतला गेला. रुग्ण बरा होणे आणि त्याच्या घरातील इतरांना रोग न होणे या दोन भिन्न बाबी आहेत. दुसऱ्या बाबीत आहाराचे स्थान काय, हे मद्रासच्या प्रयोगाने तपासलेलेच नव्हते.

झारखंडमधील शिधा :

ही तपासणी व्हावयास सहा दशके लागली. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ पासून झारखंडच्या चार जिल्ह्यांत २,८०० रुग्ण व त्यांचे १०,००० हून अधिक कुटुंबीय यांचा अभ्यास केला. रुग्णांना दोन्ही गटांत शिधा मिळाला. एका गटात मात्र कुटुंबातील प्रत्येकाला दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ व जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार या कुटुंबांत क्षयरोगाचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी, तर फुप्फुसाच्या संसर्गजन्य क्षयाचे ४८ टक्क्यांनी कमी आढळले. तांदूळ आणि डाळ! लस म्हणून जिचा शोध घेतला जातो, तिच्याकडून याहून फार वेगळी अपेक्षा नसते.

शासनाने एप्रिल २०१८ मध्ये ‘निक्षय पोषण योजना’ सुरू करून रुग्णाला दरमहा ५०० रुपये देऊ केले; नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. ती रुग्णापुरती आहे. कुटुंबीयांसाठी २०२४ मध्ये ‘निक्षय मित्र’ उपक्रमाची व्याप्ती वाढविण्यात आली. पण तो देणगीदारांच्या इच्छेवर चालतो. ज्या घरात स्त्रिया सर्वांत शेवटी जेवतात, तेथे एका व्यक्तीच्या नावे आलेले अन्न कोणाच्या ताटात पडते, हाही प्रश्न उरतोच.

घर आणि हवा :

लिमा येथील रुग्णालयांत झालेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दारे-खिडक्या उघडल्यास खोलीतील हवा तासाला सुमारे २८ वेळा बदलते असे दिसले. यंत्राने हवा खेळविणाऱ्या विशेष खोल्यांत हे प्रमाण १२ होते. उंच छताच्या जुन्या इमारती यात सरस ठरल्या. मुंबईत मात्र उलट दिशेने प्रवास झाला आहे. एम-पूर्व विभागातील तीन पुनर्वसन वसाहतींच्या अभ्यासात घरांतील प्रकाश व वायुवीजनाची कमतरता आणि क्षयरोग यांचा संबंध आढळला. तेथील इमारती इतक्या जवळजवळ आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही. झोपडी जाऊन पक्के घर आले, पण खिडकी उघडून वारा यावा अशी जागा राहिली नाही. हा दोष बांधकाम नियमांतील सवलतींचा आहे. आरोग्य खात्याला तो औषधाने दुरुस्त करता येणार नाही.

निदानातील विलंब :

देशात दर लाख लोकसंख्येमागे नव्या रुग्णांचे प्रमाण २०१५ मधील २३७ वरून २०२४ मध्ये १८७ पर्यंत उतरले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०२५ पर्यंत क्षयरोग निर्मूलनाचे जे राष्ट्रीय उद्दिष्ट होते, त्याच्या तुलनेत ही घट अपुरी आहे. रोजंदारी बुडण्याच्या भीतीने, मुलीचे लग्न मोडेल या धास्तीने खोकला लपविला जातो, आणि मद्रासच्या अनुभवानुसार हाच काळ सर्वाधिक संसर्गाचा असतो. एखाद्या विद्यार्थ्याचे निदान झाले की त्याला तातडीने वसतिगृहातून घरी धाडण्याची वृत्ती महाविद्यालयांतही दिसते. त्याला घरी पाठविल्याने खोलीतील सोबत्यांना आधीच झालेला संसर्ग नाहीसा होत नाही. तपासणीची गरज त्या सोबत्यांना असते, आणि अशी शिक्षा पाहिलेला पुढचा विद्यार्थी आपला खोकला सांगत नाही.