घोडीचा गुडघा मागे आहे, तिची शिंगरं घ्यावीत का?

हिंजवडीतल्या या सभागृहात बहुतेक जण संगणकाच्या कामातले दिसतायत. पण इथून तासाभरावर, पुणे कॅम्पात, १८३० पासूनचं रेसकोर्स आहे. भारतातल्या थरोब्रेड घोड्यांच्या वंशाची नोंद ठेवणारी स्टड बुक ऑथॉरिटीही पुण्यातच आहे. तेव्हा विषय काही फार लांबचा नाही.

समजा, एक घोडी रेसमधून निवृत्त झाली. वंशावळ उत्तम. पण बाजूने पाहिलं तर पुढचा गुडघा सरळ रेषेच्या किंचित मागे. रेसवाले याला 'बॅक ॲट द नी' म्हणतात. मालक विचारतो, हिची शिंगरं घ्यावीत का?

आपल्याकडे खोड म्हटलं की आधी भोवरे बघतात. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गिऱ्हाईक आजही भोवरे तपासतं. भोवऱ्यामुळे पाय मोडत नाही. गुडघ्याच्या या ठेवणीमुळे मोडू शकतो. साडेचारशे-पाचशे किलोचा घोडा भरधाव असताना एका क्षणी सगळा भार पुढच्या एकाच पायावर येतो. गुडघा मागे झुकलेला असेल तर त्यातल्या छोट्या हाडांच्या पुढच्या कडा एकमेकींवर दाबल्या जातात आणि त्यांचे टवके उडतात.

म्हणून आधी शोधायचं, खोड उपजत आहे की दुखापतीची? दुखापत पोटच्या शिंगराला जात नाही. पण ती झाली कशामुळे, हे विचाराच. मूळ ठेवणीमुळे झाली असेल तर ती ठेवण पुढे उतरू शकते. घोडीची आई, भावंडं, आधीची शिंगरं, सगळ्यांचे पाय बघा.

इथे एक फसगत होते. वाकडे पाय शिंगरू वाढत असताना शस्त्रक्रियेने सरळ करता येतात. पाय सुधारतो, रक्त तेच राहतं. स्टड बुक डीएनए तपासून आईबाप पक्के सांगतं, गुडघ्याबद्दल काही सांगत नाही. विकणाऱ्याला ते स्पष्ट विचारावं लागतं.

दुसरा गैरसमज: मागे झुकलेल्या गुडघ्याच्या घोडीला पुढे झुकलेल्या गुडघ्याचा स्टॅलियन दिला की शिंगरू सरळ होईल. तसं होत नाही हो. दोन्हीपैकी कुठलीही खोड येऊ शकते. ज्याचे स्वतःचे आणि ज्याच्या शिंगरांचेही गुडघे नीट आहेत, असाच स्टॅलियन निवडायचा.

आता कुणी सिॲटल स्ल्यूचं नाव काढेल. त्याचा पुढचा उजवा पाय बाहेर वळलेला होता. १९७५ मध्ये तो १७,५०० डॉलरला विकला गेला, १९७७ मध्ये एकही शर्यत न हरता अमेरिकेची ट्रिपल क्राउन जिंकला, पुढे नामांकित स्टॅलियन झाला. खरं आहे. पण एक तर त्याची खोड वेगळी, आणि ती असूनही तो धावण्यात टिकला. जे टिकले नाहीत, त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत.

हीच कसोटी घोडीलाही लावा. खोड थोडी आहे आणि ती चार हंगाम धडधाकट धावली, तर योग्य स्टॅलियन बघून जरूर फळवा. पण दोन-तीन शर्यतींतच गुडघा गेला आणि आईचाही तसाच होता, तर वंशावळ कितीही भारी असो, थांबा. अकरा महिने गर्भ, मग दोन वर्षं संगोपन. एवढा खर्च मालकाचा, पण चुकीची खरी किंमत शिंगरू आपल्या पायांनी मोजतं.

आता प्रश्न घेऊया.